मुलाचं घर फिरतं, मुलीला अंधारी येते; दोघांना एकच गोळी नको

वाचक भगिनीचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

डॉक्टर ताई, आम्ही अमळनेर तालुक्यातले. घर एकत्र, शेती कपाशीची. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दिवाळीपासून त्याला अधूनमधून काहीतरी होतं. खेळता खेळता एकदम थांबतो, चेहरा पांढराफटक पडतो, माझ्या पायाला घट्ट मिठी मारतो आणि ओरडतो, "माय, घर फिरी राह्यनं!" दोनदा उलटीही झाली. तीन-चार मिनिटांत मात्र काही झालंच नाही असा पळायला लागतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) सगळी पोरं झोक्यावर होती, हा जवळही गेला नाही. मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. ती शाळेत प्रार्थनेला उभी असताना दोनदा खाली पडली. सासूबाई म्हणतात, घराला नजर लागली. दीर म्हणतात, ही मिरगी आहे, कुणाला सांगू नका. मेडिकलवाल्यानं चक्करची एकच गोळी दिली; मुलाला अर्धी, मुलीला पूर्ण. मला स्वतःला अर्धशिशीचा त्रास, त्यात ही काळजी. भावजय म्हणते, दोघांच्या मेंदूचा एमआरआय नाशिकला जाऊन करून आणा. कपाशीचे थोडे पैसे हाताशी आहेत. काय करू?

उत्तर:

ताई, आधी सरळ उत्तर देते. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून दोघांपैकी कुणालाही आज एमआरआयची गरज दिसत नाही. बालरोगतज्ज्ञांकडून दोघांची एकदा नीट तपासणी मात्र व्हायलाच हवी. आणि ती गोळी आजच बंद करा.

बहीण-भावाला एकाच वर्षात चक्कर यायला लागली की घरातल्यांना वाटतं, मूळ एकच असणार. तुमच्या पत्रात मला दोन अगदी वेगळ्या तक्रारी दिसतात. मुलाभोवतीचं घर फिरतं, पण तो पूर्ण शुद्धीत असतो, बोलतो, तुम्हाला धरतो. मुलीचं काहीच फिरत नाही. उभ्या उभ्या तिची शुद्ध हरपते. पहिल्या तक्रारीचा संबंध आतल्या कानाशी आणि मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाशी आहे. दुसरीचा संबंध उभं राहिल्यावर मेंदूला काही क्षण कमी पडणाऱ्या रक्तपुरवठ्याशी. आपण दोन्हींना चक्करच म्हणतो, म्हणून दोघांच्या हातात एकच गोळी आली.

आधी धाकट्याचं बघू. त्याच्या बाबतीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलीत: तुमची अर्धशिशी. साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांमध्ये असे अचानक गरगरण्याचे झटके येतात आणि अशा मुलांच्या घरात आई, मावशी, आजी यांपैकी कुणाला तरी अर्धशिशी असल्याचं पुष्कळदा आढळतं. झटका काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकतो. मूल घाबरतं, पांढरं पडतं, हाताला लागेल ते घट्ट धरतं, कधी उलटी करतं, डोळ्यांची बुबुळं आडवी थरथरताना दिसतात. मग सगळं निवळतं आणि मूल खेळायला जातं. डोकं दुखतच असं नाही, म्हणून अर्धशिशीशी नातं कुणाच्या लक्षात येत नाही. बॅसर नावाच्या डॉक्टरांनी १९६४ मध्ये या झटक्यांचं नीट वर्णन केलं. बारानी सोसायटी (तोल आणि चक्करच्या आजारांच्या तज्ज्ञांची संघटना) आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटना यांनी २०२१ मध्ये त्याचे निकष नव्यानं ठरवले. मुलांना खरोखर गरगरतं तेव्हा त्यामागे सगळ्यांत जास्त वेळा हा आजार किंवा अर्धशिशीचाच गरगरणारा प्रकार निघतो. बहुतेक मुलांचे झटके शाळेच्या पहिल्या काही वर्षांत आपोआप थांबतात. काहींना पुढे मोठेपणी अर्धशिशी होते, हेही खरं आहे आणि ते आधीच ठाऊक असलेलं बरं.

दीर म्हणतात ती मिरगी वाटत नाही, कारण झटक्यात मुलगा शुद्धीत असतो आणि काय होतंय ते स्वतः सांगतो. पण तो हाकेला ओ देत नसेल, टक लावून बघत राहत असेल, हातपाय झटकत असेल, झटक्यानंतर गाढ झोपत असेल किंवा गोंधळलेला दिसत असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, करून घ्यावा लागेल. आणि मिरगी निघालीच तरी ती लपवायची गोष्ट नव्हे; तिच्यावर औषधं आहेत आणि मुलं शाळा शिकून मोठी होतात. लपवण्यात मुलाचंच नुकसान होतं.

पुढचा झटका येईल तेव्हा घरातल्या एकानं मुलाला जवळ घेऊन जमिनीवर बसवावं, दुसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढावा. चेहरा आणि डोळे जवळून दिसले पाहिजेत, आणि त्याला नाव घेऊन हाक मारली की तो काय करतो तेही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत मूल ठणठणीत झालेलं असतं. डॉक्टरांना त्या एका मिनिटाच्या चित्रीकरणातून जे कळतं ते कित्येकदा महागड्या तपासणीतूनही कळत नाही. झटक्याच्या वेळी त्याच्यावर ओरडू नका, नाटक करतोय म्हणू नका. साडेचार वर्षांच्या मुलाला पायाखालची जमीन हलल्याचं नाटक जमत नाही. झोक्यावर बसायचा आग्रह करू नका, बसलाच तर अडवूही नका. घराच्या धाब्यावर (गच्चीवर), विहिरीच्या कठड्याजवळ किंवा तलावावर मात्र त्याला मोठ्या माणसाशिवाय जाऊ देऊ नका. झोप वेळेवर, जेवण वेळेवर, उन्हातून आल्यावर पाणी. अर्धशिशीला तुम्ही स्वतः जे पाळता तेच त्यालाही लागू आहे.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. मोठ्यांच्या चक्करसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी प्रोक्लोरपेराझिन लहान मुलांत फार त्रास देऊ शकते: मान एका बाजूला ताठ वळते, डोळे वर जातात, जबडा आखडतो, जीभ बाहेर येते. घरच्यांना वाटतं फिट आली. असं दिसलं तर गोळीची पट्टी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. त्यावर उतारा आहे आणि तो लवकर लागू पडतो. सिनारिझिननं मुलं गुंगीत राहतात. बीटाहिस्टिन १८ वर्षांखालच्यांना देण्याची शिफारस नाही. चिठ्ठीशिवाय अशी गोळी लहान मुलाच्या हातात पडते याचा मला मनापासून राग येतो, आणि तो राग तुमच्यावर नाही.

इंटरनेटवर डोकं वळवून चक्कर घालवायचा एक व्यायाम दाखवतात. तो मोठ्या माणसांच्या वेगळ्या आजारासाठी आहे, ज्यात आतल्या कानातले चुन्याचे बारीक खडे जागचे हलतात. लहान मुलांत तो आजार कमी दिसतो, बहुतेक डोक्याला मार लागल्यानंतर. तेव्हा डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्याची मान फिरवत बसू नका.

मुलाचे कान तपासून घ्या, हे जरूर. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, कारण नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी मुलांत आखूड आणि आडवी असते. कान दुखतोच असं नाही. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, दोनदा हाक मारावी लागते, चालताना ठेचकाळतं. हे पाणी बहुतेक वेळा तीनेक महिन्यांत आटतं, नाही आटलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे उपाय आहे. कानात गरम केलेलं लसणाचं तेल घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते तेल आत उतरतं, आणि तेल फार गरम किंवा फार थंड असेल तर त्यानंच गरगरायला लागतं.

आता मुलगी. १३ वर्षं, सकाळची प्रार्थना, बराच वेळ ताठ उभं राहणं, आणि आपल्याकडचा उन्हाळा. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि अमळनेर काही फार थंड नाही. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. वाढीच्या वयात, पोट रिकामं आणि अंगात पाणी कमी असेल तर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकदम खाली येतात आणि मुलगी पडते. पडण्याआधी मळमळतं, घाम फुटतो, आवाज दुरून आल्यासारखे वाटतात, डोळ्यांपुढे काळं होतं. आडवी झाली की मिनिटाभरात शुद्धीवर येते. शुद्ध हरपलेली असताना हात दोन-चार वेळा थरथरले तरी तेवढ्यावरून ती मिरगी ठरत नाही.

तिला एकटीला, दिरांसमोर किंवा आजीसमोर नको, चार गोष्टी विचारा. सकाळी काय खाऊन जातेस? कोरा चहा आणि दोन बिस्किटं, असं उत्तर मला फार मुलींकडून मिळतं. शाळेत पाणी पितेस का? शौचालय घाण असतं म्हणून कितीतरी मुली सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. हे त्या मुलींचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. शाळेनं शौचालय स्वच्छ ठेवलं तर प्रार्थनेला पडणाऱ्या मुली कमी होतील, हे मी पूर्ण विचारांती लिहिते आहे. पाळी सुरू झाली आहे का, किती दिवस चालते, सातपेक्षा जास्त दिवस जाते का, गाठी पडतात का? आणि पडलीस तेव्हा नुसती उभी होतीस की धावत होतीस?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. धावताना, कबड्डी खेळताना शुद्ध गेली, पडण्याआधी छातीत जोरात धडधडलं, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल तर हृदयाची तपासणी लवकर व्हायला हवी. ईसीजी स्वस्त आहे, सरकारी रुग्णालयात होतो, दुखत नाही. उभं असताना पडलेल्या मुलीचाही एकदा ईसीजी काढून घ्या, एवढं मी प्रत्येक आईला सांगते.

दुसरी तपासणी हिमोग्लोबिनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. १२ वर्षांवरच्या मुलीत हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी लोहगोळी १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. मळमळतं म्हणून मुली ती दप्तरात टाकतात. जेवल्यावर, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्यायला सांगा. चहासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही, जेवणानंतर लगेचचा चहाही बंद करा. कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, शेवग्याचा पाला, अळीवाचे लाडू हे सगळं आपल्या घरातलंच आहे. पण हिमोग्लोबिन फार खाली असेल तर भाजी-भाकरीनं ते भरून निघत नाही, औषध लागतंच. जंताची गोळी दिली आहे का तेही बघा.

सातपुड्याच्या पट्ट्यातल्या वाचकांसाठी इथं एक गोष्ट सांगायला हवी. नंदुरबार-धुळ्याकडे, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. मूल फिकट दिसतं, थकतं, चक्कर येते, सांधे-हाडं दुखतात, डोळे पिवळे होतात. अशा मुलाला नुसत्या लोहगोळ्या देत बसू नका, आधी सिकलसेलची तपासणी करा. आरोग्य केंद्रावर ती होते. सिकलसेल असलेल्या मुलाला अचानक तोल जाणं, बोलणं अडखळणं किंवा एक हात लुळा पडणं म्हणजे पक्षाघात असू शकतो. तिथं तासभरही थांबायचं नसतं.

मुलगी परत पडली तर तिला उचलून बसवू नका. आडवीच ठेवा, पाय उशीवर किंवा दप्तरावर उंच करा, गर्दी हटवा. चप्पल, कांदा हुंगवू नका, शुद्धीवर येण्याआधी तोंडात पाणी ओतू नका. तिला आधीच शिकवून ठेवा: अंधारी यायला लागली की लाज न बाळगता खाली बसायचं, तेवढंही जमलं नाही तर पाय एकमेकांवर घट्ट आवळून मुठी दाबायच्या, त्यानं रक्तदाब काही वेळ टिकतो. सकाळी निघण्याआधी दोन पेले पाणी, भाकरी-भाजी किंवा खिचडी, उन्हाळ्यात मीठ घातलेलं ताक.

इतर वाचकांच्या घरात वेगवेगळ्या वयाची मुलं आहेत, त्यांच्यासाठी थोडं. वर्षाच्या आतल्या बाळाची मान काही तास किंवा काही दिवस एकाच बाजूला कलते, बाळ चिडचिड करतं, उलटी करतं, मग मान सरळ होते आणि काही आठवड्यांनी परत तसंच. हेही अर्धशिशीच्या कुटुंबातलंच, आणि बहुतेकांचं दोन-तीन वर्षांत, क्वचित पाचव्या वर्षापर्यंत, थांबतं. तरी पहिल्या वेळेला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तसं गृहीत धरू नका. कांजिण्या निघून गेल्यावर एक ते तीन आठवड्यांत दोन-पाच वर्षांचं मूल अचानक झिंगल्यासारखं चालायला लागलं तर मेंदूच्या मागच्या भागाला आलेली सूज असू शकते. बहुतेक मुलं बरी होतात, पण दाखवायचं त्याच दिवशी. गालफुगीनंतर गरगरून एका कानानं ऐकू येईनासं झालं तर तेही लगेच. कन्नडच्या घाटात, तोरणमाळच्या रस्त्याला एसटीत उलटी होणं हे दोन ते बारा वर्षांच्या मुलांत नेहमीचं आहे. पुढच्या बाजूला बसवा, लांबचं बघायला सांगा, मोबाईल हातात देऊ नका. मोठ्या मुलांना अभ्यासानंतर डोकं जड होऊन गरगरत असेल तर डोळ्यांचा नंबर तपासा. आणि दहावीच्या वर्षात रोज सकाळी चक्कर येणाऱ्या, श्वास भराभर घेणाऱ्या, हाताला मुंग्या येणाऱ्या मुलाला ढोंगी म्हणू नका. भीतीनंही खरीखुरी चक्कर येते आणि तिच्यावर उपचार आहेत.

कपाशीच्या घरांसाठी हे वेगळं लिहिते. फवारणीच्या दिवसांत मुलाला अचानक चक्कर आली आणि सोबत लाळ, घाम, उलटी, जुलाब, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर ती विषबाधा समजा. कपडे काढा, अंग साबणानं भरपूर पाण्यात धुवा, १०८ ला फोन करा, औषधाची बाटली सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. धोत्र्याचं बोंड खाल्लेल्या मुलात उलट दिसतं: बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग लाल, असंबद्ध बडबड. त्यालाही तितक्याच घाईनं न्यायचं. फवारणीच्या रिकाम्या डब्यात कुणी पाणी भरून ठेवलं असेल तर तो डबा आज फोडून टाका.

आता एमआरआय. साडेचार वर्षांचं मूल यंत्रात पंधरा-वीस मिनिटं निश्चल पडून राहत नाही, त्याला झोपेचं औषध द्यावं लागतं, म्हणजे ती तपासणी अगदीच बिनजोखमीची नाही. ती लागते तेव्हा लागतेच. पहाटे उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होणं आणि हे दिवसेंदिवस वाढत जाणं, झटक्यांच्या मधल्या काळातही फेंगडं किंवा लडखडत चालणं, नव्यानं तिरळेपणा येणं किंवा एकाचे दोन दिसणं, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेली चक्कर, बुबुळांचं थरथरणं न थांबणं, एका कानानं ऐकू न येणं, कानातून सतत घाण वास येणारा पू; यातलं एक जरी दिसलं तरी मेंदू आणि कानाची तपासणी पुढे ढकलू नका, पैशांचा विचार नंतर करा. ताप, मान ताठ आणि गुंगी असेल तर रात्रीच निघा. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

आधी अमळनेरच्या बालरोगतज्ज्ञांकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. तिथून गरज वाटली तर जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आहे; नाशिकची वाट त्यानंतरची. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही दोघांची नावं द्या, पुढच्या तपासण्या त्यांच्यामार्फत मोफत होऊ शकतात. जाताना मुलाचे व्हिडिओ, मेडिकलमधल्या गोळीची पट्टी, आणि एका कागदावर प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, आधी काय खाल्लं-खेळलं, किती वेळ टिकलं, नंतर काय झालं, एवढं लिहून न्या. तुमच्या अर्धशिशीबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा. सासूबाईंना नजर काढायची असेल तर काढू द्या, मुलांना त्यातून काही खायला-प्यायला दिलं जाणार नाही एवढं बघा.

मुलीच्या वर्गशिक्षिकांना उद्याच एक चिठ्ठी द्या: हिला अंधारी आल्यासारखं वाटलं तर ती प्रार्थनेत न विचारता खाली बसेल, कृपया तिला उभं करू नये, पडली तर आडवं ठेवून पाय उंच करावेत, वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, आणि खाली आपला फोन नंबर.